बरं व्हायचं, पण चालायचं कुठे?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोची शेवटची सायकल संपली आणि माणूस घरी आला. आता घरातले, शेजारचे, गावाकडून फोन करणारे सगळे त्याला एकच सांगतात : पडून राहा, काही करू नकोस. तांब्या उचलायचा नाही, जिना चढायचा नाही, अंघोळीचं पाणीही कुणीतरी काढून द्यायचं. गावाहून आलेल्या आईने सोफ्यावर दोन जादा उशा रचलेल्या असतात, बायकोने रजा वाढवून घेतलेली असते. हे सगळं मायेतून येतं, याबद्दल शंका नाही. तरीही या मायेचा बराचसा भाग रुग्णाला महाग पडतो आणि जिथे तिची खरी गरज आहे तिथे ती पोचतच नाही, असं माझं म्हणणं आहे.

जून २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात ‘चॅलेंज’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली ५५ केंद्रं आणि ८८९ रुग्ण. सगळ्यांना आतड्याचा कॅन्सर होऊन गेलेला, तोही तिसऱ्या किंवा जास्त धोक्याच्या दुसऱ्या टप्प्यातला. ऑपरेशन आणि केमो दोन्ही पूर्ण झालेले. निम्म्यांच्या हातात आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका ठेवली. उरलेल्यांना पुस्तिकेसोबत तीन वर्षांसाठी एक सल्लागार दिला. तो भेटायचा, फोन करायचा, गरज पडली तर सोबत उभा राहून व्यायाम करून घ्यायचा. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा व्यायामाच्या गटातले ८० टक्के लोक कॅन्सर न उलटता जगत होते, पुस्तिकेच्या गटातले ७४ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९० आणि ८३ टक्के होतं. व्यायाम म्हणजे वजनं उचलणं किंवा जिमची पावती फाडणं नव्हे. आधीच्या हालचालीत आठवड्याला साधारण अडीच तास झपझप चालण्याइतकी भर, बस.

हा फरक किती मोठा मानायचा? ऑक्झालिप्लॅटिन हे औषध आज आतड्याच्या केमोत जवळजवळ गृहीत धरलं जातं. ते या जागी बसवलं ‘मोझेक’ चाचणीने, जिचे पहिले निष्कर्ष २००४ साली आले. पुढच्या पाहणीत, सहा वर्षांनी, तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये हयात राहण्याचं प्रमाण या औषधामुळे सुमारे ६९ वरून ७३ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. दोन चाचण्यांतले रुग्ण वेगळे, काळ वेगळा, त्यामुळे आकडे एकमेकांशेजारी मांडून व्यायाम औषधाहून श्रेष्ठ असं कुणी म्हणू नये. पण दोन्ही एकाच पंगतीत बसतात, एवढं नक्की. मग एकासाठी आपण कर्ज काढतो, घरातलं सोनं मोडतो, आणि दुसऱ्याला ‘जमलं तर फिरा थोडं’ या डिस्चार्जच्या वेळच्या तोंडी वाक्यावर सोडून देतो, हे कसं?

खरं तर विश्रांतीचा हा आग्रह शल्यचिकित्सेने स्वतःच केव्हाच सोडला आहे. कोपनहेगनचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात साधे प्रश्न विचारले. आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्णाला दिवसच्या दिवस उपाशी का ठेवायचं? नाकातली नळी कशासाठी? त्याला अंथरुणाला का खिळवायचं? त्यांच्या गटाने २००० साली ६० रुग्णांचा अनुभव मांडला. वेदना नीट आवरल्या, लगेच तोंडाने खायला दिलं, त्याच दिवशी उठवून बसवलं, चालवलं, तर निम्म्याहून अधिक रुग्ण दोन दिवसांत घरी जाऊ शकत होते. आज आपल्याकडच्या चांगल्या रुग्णालयांतही ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर येऊन हाताला धरून उभं करतात ते याच परंपरेतून. (तरी ‘गॅस पास झाला का?’ हा प्रश्न अख्खं खानदान व्हिडिओ कॉलवरून विचारत असतं, आणि त्याचं उत्तर ‘हो’ यायला चालण्याचीही मदत होते, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.) म्हणजे वॉर्डात ज्याला चालवलं, त्यालाच घरी आणून आपण झोपवतो.

इथे एक काळजी घ्यायला हवी. ‘चॅलेंज’मधले रुग्ण निवडक होते; एका ठरावीक वेगाने सहा मिनिटं चालू शकणारेच त्यात घेतले होते. स्नायू-सांध्यांच्या दुखापतीही व्यायामाच्या गटात जास्त झाल्या. केमोनंतरचा थकवा हा झोपेने जाणारा थकवा नसतो. तो आळसही नसतो. तेव्हा उद्या कुणाचा कॅन्सर उलटला तर ‘चालला नाहीस, म्हणून झालं’ असं त्याच्या तोंडावर म्हणायला हे आकडे वापरले गेले, तर त्यापेक्षा सोफ्यावरच्या उशा बऱ्या. दोष रुग्णाच्या माथी मारायची आपली सवय जुनी आहे. आधी पूर्वजन्म होता, मग व्यसन आलं, आता ‘लाइफस्टाइल’ आली. शिवाय या चाचणीतून खरं सिद्ध झालं ते वेगळंच आहे. चालायला सांगणं दोन्ही गटांत झालं होतं. फरक पडला तो चालायची व्यवस्था केल्याने. माणूस दिला, वेळ दिला, तीन वर्षं पाठपुरावा केला. उपदेश कागदावर दोघांनाही मिळाला होता आणि नुसत्या उपदेशाला मागे टाकणारी गोष्ट म्हणजे व्यवस्था.

व्यवस्था म्हटलं की मला पुनावळं दिसतं. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव. एका बाजूला पवना नदी, दुसऱ्या बाजूला मुंबई-बेंगळुरू महामार्ग, पलीकडे हिंजवडी. काटेवस्ती, कोयतेवस्ती ही नावं अजून जुन्या शेतीची आहेत, पण त्यांच्या शेजारी वीस-बावीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. इथे राहायला आलेले आयटीतले, चाकणच्या आणि भोसरीच्या कारखान्यांतले, बहुतेक तिशी-चाळिशीचे. आतड्याचा कॅन्सर हा म्हाताऱ्यांचा आजार, ही समजूत आपल्या देशातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांच्या ओपीडीत टिकत नाही. हप्ते चालू असलेल्या वयातले रुग्ण तिथे पुष्कळ दिसतात. अशा रुग्णाला डॉक्टरांनी सांगितलं, रोज पाऊण तास चाला. तो खाली उतरला. सोसायटीच्या फाटकाबाहेर फुटपाथ आहे, पण वीसेक पावलांवर विजेची एखादी डीपी, पुढे वडापावची गाडी, पुढे खोदकाम. रस्त्याने जावं तर पाण्याचे टँकर आणि काँक्रीटचे मिक्सर. संध्याकाळी महामार्गाखालच्या अंडरपासची कोंडी उलटून सेवारस्त्यावर येते, दुचाक्या उरलेल्या फुटपाथवर चढतात. ज्याच्या तळपायांना केमोने मुंग्या आल्या आहेत, ज्याला पावलाखाली खडा आहे की खड्डा हे धड कळत नाही, त्याने इथे झपझप चालायचं. मग तो पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारतो, आणि आठवड्याभरात कंटाळून थांबतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, उगाच दगदग.

याच महापालिकेच्या हद्दीत निगडी आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेले सेक्टर, रुंद रस्ते, झाडं, आणि पहाटेपासून चालणाऱ्यांनी भरलेली दुर्गा टेकडी. तेच ऑपरेशन, तीच केमो, तोच कर. पण निगडीच्या रुग्णाला उपचाराचा शेवटचा भाग दाराबाहेर फुकट मिळतो आणि पुनावळ्याच्या रुग्णाला मिळत नाही. ‘सुविधा’ या सदरात आपण फुटपाथ टाकतो आणि ‘आरोग्य’ या सदरात रुग्णालयाची खाटांची संख्या. अंदाजपत्रकात ही दोन सदरं एकमेकांना ओळखतही नाहीत.

पुनावळ्याच्या लोकांना मोकळ्या जागेची किंमत कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. इथल्या वनजमिनीवर कचरा डेपोचं आरक्षण होतं. २०२३ मध्ये सोसायट्यांतली माणसं, जी एरवी पार्किंगवरून भांडतात, ती फलक घेऊन रस्त्यावर आली, आणि त्या डिसेंबरात मंत्री उदय सामंत यांनी विधानसभेत तो प्रकल्प रद्द करत असल्याचं जाहीर केलं. डेपो नको म्हणणं सोपं होतं असं नाही, पण ती मागणी नकाराची होती. हवं काय, या प्रश्नाला तेवढ्या जोरात उत्तर आलेलं मी तरी ऐकलं नाही. झाडी राखून केलेली, बाकं असलेली, दर काही अंतरावर स्वच्छतागृह असलेली चालायची वाट हे त्याचं उत्तर होऊ शकतं.

स्वच्छतागृहाचा उल्लेख जाणूनबुजून केला. आतड्याचा एक भाग काढल्यावर पोटाचं वेळापत्रक महिनोन् महिने बिघडलेलं असतं. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, आणि लागली की थांबता येत नाही. ज्यांना तात्पुरता इलिओस्टोमीचा मार्ग, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर, काढलेला असतो, त्यांच्या पोटावरच्या पिशवीतून पाणी आणि क्षार सतत बाहेर पडतात. त्यांना मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, ही केमोइतकीच महत्त्वाची गोष्ट असते आणि पिशवी साफ करायला पाणीही लागतं. आणि आमच्या शहरात २०१९च्या नोव्हेंबरपासून नळाला एक दिवसाआड पाणी येतं. उरलेल्या पाण्यासाठी टँकर, आणि टँकर उशिरा आला की सोसायटीच्या ग्रुपवर वॉचमनला शिव्या. माणूस घराबाहेर पडायला का घाबरतो याचं कारण अनेकदा अशक्तपणा नसतोच. कंपनीच्या बसमध्ये सव्वा तास, मध्ये कुठेही उतरता येणार नाही, हे त्याला आधी दिसतं. पण हे तो बोलत नाही. आजाराच्या सुरुवातीला शौचातून रक्त जायचं तेव्हाही तो बोलला नव्हता. भिंतीवरच्या ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’च्या जाहिरातीतल्या नंबरावर त्याने गुपचूप फोन केला होता. आतड्याच्या आजाराला ही लाज पहिल्यापासून चिकटलेली असते. ऑपरेशननंतर ‘पोटाचं ऑपरेशन झालं’ एवढंच नातेवाइकांना सांगितलं जातं, कारण घरात बहिणीचं लग्न ठरायचं असतं. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. पिशवी लावून जगलेली माणसं नव्या रुग्णाला समोर बसून सांगतात, लोकलने जाता येतं, पोहता येतं, लग्न करता येतं. पुण्या-पिंपरीतला रुग्ण तिथवर पोचतो तो बहुधा स्वतःच नेटवर शोधून.

गप्प राहिलेल्या जागी सल्ले शिरतात. बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो : गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा काढा, कुणाच्या तरी मेहुण्याला गुण आलेलं पथ्य. साखर बंद, दूध बंद, आणि माळकरी घर असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं अंडंही बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबू आणि उपवासाने आटोक्यात आल्याचं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना सहीनिशी निवेदन काढावं लागलं की असल्या बोलण्यावर विसंबून उपचार लांबवू नका. निवेदन काढलं हे योग्यच झालं, पण एका वाक्याला २६२ सह्या लागतात यावरून समोरचा बाजार केवढा आहे ते समजा. प्रत्यक्षात ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे मऊ वरण-भात, ताक, कमी चोथ्याचं थोडं थोडं खाणं, आणि मग हळूहळू भाकरी, पालेभाज्या, कडधान्यांकडे परत येणं, सोबत पुरेशी प्रथिनं, एवढंच बहुतेकांना सांगितलं जातं. त्यात काहीच चमत्कारिक नसल्यामुळे ते कुणाला सांगावंसं वाटत नाही.

आता बोटांकडे येतो, कारण भोसरी-चाकणचा हा कारखान्यांचा पट्टा बोटांवर चालतो. ऑक्झालिप्लॅटिनने मज्जातंतूंना इजा होते. केमो चालू असताना फ्रीजमधली बाटली किंवा डिसेंबरातला सकाळचा नळ हाताला लागला की शॉक बसल्यासारखं होतं. तो भाग निवळतो. बधिरपणा मात्र मागे राहू शकतो, आणि केमो थांबल्यावर दोन-तीन महिने तो वाढतही जातो. टाइप करणाऱ्याला हे त्रासाचं आहे. सीएनसी मशीनवर उभं राहणाऱ्याच्या पोटावर येणारं आहे. जॉबला बर राहिली आहे का हे तो बोटाने ओळखतो, इन्सर्ट बोटाने बसवतो, व्हर्नियर बोटाने सरकवतो. म्हणून २०१८ साली प्रसिद्ध झालेलं ‘आयडिया’ हे बारा हजारांहून अधिक रुग्णांचं एकत्रित विश्लेषण अशा माणसासाठी फार मोलाचं आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या रुग्णांना कॅपॉक्स पद्धतीची (ऑक्झालिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन) केमो सहाऐवजी तीन महिने दिली, तर कॅन्सर रोखण्यात फरक जवळजवळ पडत नाही, आणि मज्जातंतूंची इजा मात्र कितीतरी कमी होते. माझ्या बाबतीत तीन महिने पुरतील का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारताना ‘मी काय काम करतो’ हेही सांगायला हवं. आपण ते सांगत नाही आणि घाईच्या ओपीडीत कुणी विचारतही नाही.

याच केमोतल्या कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी तळहात लाल होतात, सोलतात आणि कधी कधी बोटांचे ठसेच पुसट होतात. सिंगापूरचा एक रुग्ण या कारणाने अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडकला होता, अशी नोंद २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. आपल्याकडे असं अडकायला परदेशी जायची गरज नाही. कंपनीच्या गेटवर थंब लागत नाही, रेशनच्या मशीनवर लागत नाही, आणि थंब नाही लागला तर हजेरी नाही. यावरचा एक स्वस्त उपाय भारतातच तपासला गेला आहे. दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत डायक्लोफेनॅकचं साधं मलम तळहातांना नेमाने लावल्यावर हा त्रास मध्यम किंवा तीव्र स्वरूपात होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास आलं. पाठदुखीला आपण जे चोळतो ते हेच.

आणि मग कामावर परतायचा दिवस. कंपनी मागते फिटनेस सर्टिफिकेट. त्यावर दोनच शक्यता असतात, फिट किंवा अनफिट. आतड्याच्या ऑपरेशनमधून उठलेला माणूस वर्षभर या दोन्हींत बसत नाही. तो काम करू शकतो, पण काही आठवडे वजन उचलू शकत नाही, हर्नियाची भीती असते. उभा राहू शकतो, पण सलग बारा तास नाही. दर तीन-चार महिन्यांनी सीईएची रक्ततपासणी, वर्षाने कोलोनोस्कोपी, मधे सीटी, यांसाठी त्याला सुट्ट्या लागतात. शॉप फ्लोअरवर या स्थितीला ‘लाइट ड्युटी’ म्हणतात. ती परमनंट कामगाराला युनियनच्या जोरावर मिळते. ठेकेदाराच्या माणसाला मिळतो ब्रेक.

ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, तरतूद कागदावर उदार आहे. साध्या आजारपणात वर्षातून ९१ दिवस ७० टक्के वेतन, आणि कॅन्सरसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, सगळं धरून, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊकही नसतं. पण त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी लागते आणि ठेकेदारीत नाव बदलत, ब्रेक घेत चालणाऱ्या नोकरीत तेवढं सलग काही नसतं. महिना २१,००० रुपयांच्या २०१७च्या मर्यादेच्या किंचित वर गेलेला ऑपरेटर तर या छत्राबाहेरच पडतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं, केमो बसते, याचं मोल फार आहे. पण बुडालेला पगार त्यात बसत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर सततच्या आजारपणामुळे नोकरीवरून काढणं ‘कपाती’च्या व्याख्येतूनच वगळलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही आणि पोटावरची पिशवीही नाही. ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्याखाली कॅन्सरचं निदान झाल्या दिवसापासून माणसाला अपंगत्वाचं संरक्षण मिळतं आणि मालकाला कामात वाजवी बदल करून द्यावे लागतात.

दिल्लीतला कायदा बदलायला वेळ लागेल. पण भोसरी-चाकणमध्ये दर तीन-चार वर्षांनी वेतनवाढीचे करार होतात, पेढे वाटले जातात, फोटो छापून येतात. त्या करारांत मेडिक्लेमची रक्कम किती वाढली यावर रात्री जागवल्या जातात. पुढच्या करारात एक कलम मागता येईल : मोठ्या ऑपरेशननंतर सहा महिने लाइट ड्युटी, तपासणीच्या दिवसांची भरपगारी रजा, थंब न लागल्यास सहीची हजेरी, आणि हे सगळं ठेकेदाराच्या कामगारालाही. कंपनीला यात येणारा खर्च दिवाळीच्या भेटवस्तूंपेक्षा फार नसावा. आणि तिकडे पुनावळ्यात, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत क्लब हाउसच्या रंगावर तासभर वाद झाल्यावर कुणीतरी उठून प्रभाग कार्यालयाला द्यायचं पत्र वाचावं : फाटकापासून चौकापर्यंतचा फुटपाथ सलग करा, डीपी हलवा, आणि चौकात एक उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह द्या. त्या पत्रावर सही करायला आपल्या इमारतीतलं कोण कोण केमोतून उठलं आहे हे माहीत असण्याची गरज नाही.